टोले मला, दुखणं पट्टीचं

मी स्टार्टर बोलतोय. हो, तोच. किल्ली फिरवली आणि गाडी ढिम्म हलली नाही की लोक ज्याच्या नावानं पहिल्यांदा खडे फोडतात, तो मी. ऐकून घ्या, कारण अकरा वर्षं मी निमूट मार खाल्लाय आणि माझी बाजू कुणी विचारलेली नाही.

माझी जागा इंजिनाच्या बुडाशी, गिअरबॉक्सला खेटून. उजेड नाही, तेलाचा राप मात्र भरपूर. काम म्हणाल तर दोन सेकंदांचं. बॅटरीकडून वीज आली की मी गरगर फिरायचं, इंजिनाला धक्का द्यायचा आणि ते सुरू झालं की गुपचूप बाजूला व्हायचं. मग दिवसभर इंजिनाचं कौतुक.

कारखान्यातून निघालो तेव्हा तपासणाऱ्या माणसानं मला टेबलावर फिरवून बघितलं आणि माझ्या पाठीवर खडूनं बरोबरची खूण केली. आयुष्यात मिळालेली शाबासकी तेवढीच. पहिले दोन मालक आले तसे गेले. एक गाडीतच जेवायचा, दुसरा गाडीतच झोपायचा. तिसऱ्या घरात मात्र मी रुजलो.

मालक पुस्तकबांधणी करायचे, त्यांना सगळे बाइंडर म्हणत. त्यांची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मुलांना तारा जोडून देणं, दिवे पेटतात का बघणं, हे तिनं तीस वर्षं केलं. शाळेत सगळे तिला बाई म्हणायचे, म्हणून घरी नवराही थट्टेनं बाईच म्हणायचा आणि ती खोटं खोटं रागवायची.

एका थंड सकाळी किल्ली फिरली आणि माझ्यापर्यंत वीजच पोचली नाही. आता वीजच नाही तर मी काय कपाळ फिरणार? बाइंडरांनी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं वाकून मला पान्यानं दोन टोले दिले आणि गाडी सुरू झाली. मग काय, निकाल लागला! टोल्यानं चालतो म्हणजे स्टार्टरच बिघडलाय. त्यानं मला उघडलं, आतले वीज पोचवणारे झिजके कार्बन बदलले, टेबलावर फिरवलं. मी असा काही फिरलो की तो स्वतःच मागे सरकला. गाडीत बसवल्यावर मात्र चार दिवसांत पुन्हा तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

पुढे घरात त्याची रीतच पडली. बाइंडर किल्लीपाशी बसायचे. बाई बॉनेट उघडून उभी राहायची, हातात पुस्तकांचे कणे ठोकायचा लाकडी हातोडा. आतून आवाज यायचा, "हाणा, बाई." बाई हाणायची. गाडी सुरू व्हायची. शेजाऱ्यांनी आधी हसून घेतलं, मग त्यांनाही सवय झाली. पावसात तो किल्लीपाशी कोरडा आणि ती छत्री सावरत बाहेर, यावरून दोघांची रोजची कुरबूर चालायची. पण जागा त्यांनी कधी बदलल्या नाहीत. त्याला वाकायला जमत नव्हतं आणि तिच्या हाताला टोल्याची जागा अचूक सापडायची.

दर गुरुवारी आम्ही अक्काकडे जायचो. अक्का म्हणजे बाईची थोरली बहीण. धरणाच्या पलीकडे, जिथे बस जात नाही अशा ठिकाणी, एका आश्रमात राहायची. अंथरुणाला खिळलेली, कानानं पार बहिरी. तिची खाट खिडकीशी होती. परत निघताना आमचं ते हाणा-बाई प्रकरण ती खिडकीतून बघायची आणि पोट धरधरून हसायची. आठवड्यातली तिची करमणूक म्हणजे माझी धुलाई. असो.

मग बाइंडर गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

गाडी अंगणात तशीच उभी राहिली. एक गुरुवार गेला, दुसरा गेला, बघता बघता पाच गेले. अक्काला बातमी कळलीच नव्हती. फोनवर तिला ऐकू येत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळवायला बाई तयार नव्हती. हे मी समोर बसून, तिचा हात धरून सांगणार, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. आणि गाडीला तर दोन माणसं लागत होती, एक किल्लीला आणि एक टोल्याला.

लेक परगावी असायची. तिला आईची काळजी होती, तिचंही चुकीचं नव्हतं. वाटेत गाडी बंद पडली तर धरणाच्या रस्त्यावर तू एकटी काय करणार, असं म्हणून तिनं एक गिऱ्हाईक ठरवूनही टाकलं. बुधवारी येऊन ते गाडी घेऊन जाणार होतं. भाड्याची गाडी करून जा आणि सांगून ये, असं ती फोनवर समजावत होती.

बाई म्हणाली, "एकदा जाऊन सांगायचं आणि मग जायचंच बंद करायचं का गं? तिला आता माझ्याशिवाय कोण आहे?"

सोमवारी सकाळी बाई चष्मा पुसत अंगणात आली. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी तिनं गरम पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं धुऊन काढली, नट आवळले. मग, गाडी चालवायला येत असूनही, आयुष्यात पहिल्यांदा ती सुरू करायला स्वतः किल्लीपाशी बसली. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे दोनदा बघितलं. समोरच्या भिंतीवर दिव्यांचा झोत पाडला आणि किल्ली फिरवली. मी ढिम्म. भिंतीवरचा उजेड मात्र जराही मंद झाला नाही.

बॅटरी दमदार होती, हे त्यावरून तिला कळलं. तिनं पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली, चोकची, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणाऱ्या लोखंडी तारेची, मूठ ओढली, ढकलली. आणि एकदम हात मागे घेतला. मूठ गरम लागत होती. थंड इंजिनाच्या गाडीत चोकची मूठ गरम कशी?

तिनं मूठ पुन्हा चाचपून बघितली. मग तिला आठवलं. थंडीच्या दिवसांत बाइंडर म्हणायचे, ही मूठ बरी हात शेकायला. तिला वाटायचं, जुन्या गाडीत असेल तसं. आणि तिकडे बॉनेटपाशी, टोला मारताना माझ्या मागे एक बारीक निळी ठिणगी उडायची, ती फक्त तिला दिसायची. तेही जुन्या गाडीत असेल तसं, म्हणून ती कधी बोलली नव्हती. मूठ त्याला ठाऊक, ठिणगी हिला ठाऊक. अकरा वर्षं एका गाडीत बसून दोघांनी ही दोन टोकं कधी जोडून बघितली नाहीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"बॅटरीतून वीज निघाली की तिला परतही यायला हवं," बाई मोठ्यानं म्हणाली. शाळेत हजारदा म्हटलेलं वाक्य. "परतीची वाट तुटली, म्हणून बिचारी चोकच्या तारेतून धावतेय."

तिनं डिकीतून जाड जोडतार काढली, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करायला असते ती. एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. पुन्हा किल्लीपाशी बसली. किल्ली फिरवली आणि अहाहा, काय ती वीज आली! मी असा फिरलो की इंजिन पहिल्याच धक्क्याला जागं झालं. टोला नाही, काही नाही.

खरा गुन्हेगार माझ्या मागेच सापडला. गिअरबॉक्स आणि गाडीचा सांगाडा जोडून वीज परत नेणारी, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी. हिरवी पडलेली, चार तारांवर कशीबशी लटकलेली. मला टोला बसला की ती हादरायची आणि क्षणभर टेकायची. मंगळवारी बाईनं नवी पट्टी आणली, खालचं लोखंड घासून चकचकीत केलं आणि बोल्ट आवळला.

सगळं झाल्यावर तिनं फडक्यानं माझी पाठ पुसली. "चुकलं रे आमचं," ती म्हणाली. मग तिथेच गाडीला टेकून रडली. मला आधी वाटलं, माझ्यासाठीच. पण ती पुटपुटली, "अहो, ऐकलंत का, तुमची मूठ गरम व्हायची ना..."

बुधवारी गिऱ्हाईक आलं आणि चहा पिऊन गाडीविनाच गेलं. लेकीला बाईनं फोनवर गाडी एका किल्लीत सुरू होतानाचा आवाज ऐकवला.

गुरुवारी आम्ही अक्काकडे गेलो. आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, मी बाहेर होतो. बाई बऱ्याच वेळानं आली. डोळे सुजलेले होते. किल्लीपाशी बसली, मी फिरलो, इंजिन सुरू झालं. तिनं खिडकीकडे बघितलं. अक्काचे डोळेही ओले होते. पण तिनं हात वर केला आणि मूठ वळून हवेत दोनदा ठोकल्यासारखं केलं. बाई ठोकायला विसरली, असं तिला वाटत होतं.

बाईनं इंजिन बंद केलं. खाली उतरली. सीटखालून लाकडी हातोडा काढला, बॉनेट उघडलं आणि माझ्या पाठीवर दोनदा हलकेच मारलं. मग किल्ली फिरवली. मी फिरलो. खिडकीत अक्का रडता रडता हसली.

तेव्हापासून दर गुरुवारी परत निघताना मी दोन टोले खातो. आता माझी तक्रार नाही. तुमची गाडी अडली तर माझ्यावर हात उगारण्याआधी ती पट्टी तेवढी बघा. आणि गाडीत शेजारी बसणाऱ्याला विचारा, तुझ्या बाजूला काही गरम लागतंय का.