वरच्या कुरणाचं फाटक

"तुम्हाला माणसं आवडत नाहीत का?"

प्रश्न विचारून झाल्यावर ऋग्वेदाच्या लक्षात आलं, की समोरच्या बाईंच्या हातात कुऱ्हाड आहे. लहानशीच, शेगडीसाठी ढलप्या काढायची. पण कुऱ्हाड ती कुऱ्हाडच.

बाई घराच्या मागच्या पडवीत ओंडक्यावर बसल्या होत्या. शेजारी काठी टेकवलेली, पायाशी काळा कुत्रा. त्यांनी हातातली ढलपी टोपलीत टाकली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"काही आवडतात," त्या म्हणाल्या. "तुझं अजून ठरायचंय. कोणी पाठवलं तुला?"

ऋग्वेदाने मागे पाहिलं. सानिका आणि मेरे, तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी, रस्त्याकडेच्या कुंपणाला रेलून उभ्या होत्या. दोघींनाही एकाएकी आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं.

"पैज होती," ऋग्वेदा म्हणाली. "प्रश्न त्यांचा. पण उत्तर मलाही हवंय. तुम्ही टेकडीवरची वाट का बंद केलीत, मिसेस डोनल्ड?"

"बेव्ह म्हण. मिसेस डोनल्ड माझी सासू होती, आणि तिला खरोखरच माणसं आवडत नव्हती."

सत्तरीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची, हे ऋग्वेदाच्या जिभेला अजून जमत नसे. तिने नुसतीच मान हलवली.

वाट तशी साधी होती. जॉन्सनव्हिल उपनगराच्या मागच्या डोंगरांत आधी अर्धा तास मानुकाच्या झाडीतून, पायाखाली ओला पाचोळा. आणि मग एकदम झाडी संपून गवताळ टेकड्याच टेकड्या, वारा असा की बोललेलं शेजारच्यालाही ऐकू येऊ नये. माथ्यावर पोचलं की पलीकडे समुद्र. सगळी जमीन बेव्हची. तीस वर्षं माणसं तिथून चालत होती ती बाईंच्या भलेपणावर. तसा कागद कुठेच नव्हता. फेब्रुवारीत त्यांनी खालच्या फाटकाला कुलूप घातलं. शाळेचा ट्रॅम्पिंग ग्रुप, म्हणजे डोंगर हिंडणारी मुलं, दरवर्षी तिथे जाई, तर या वर्षी सरांनी त्याऐवजी बोलिंगला जाऊ म्हणून सुचवलं होतं. बोलिंग! मेरे दोन दिवस सरांशी बोलली नव्हती.

बेव्हला विचारायला जायचं कोणी, हा प्रश्नच नव्हता. गेल्या वर्षी हजेरीला ऋग्वेदाचा 'येस' सरांना दोनदा विचारावा लागायचा. पण जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, मराठी मंडळाची चौदा माणसं याच वाटेवर असताना धुकं उतरलं, मोठ्यांच्या फोनची रेंज गेली, बाबांचं महागाचं घड्याळ उलटीच दिशा दाखवायला लागलं, आणि तिने हातातल्या नकाशावर अन् खांबांवरच्या नारिंगी खुणांवर भिस्त ठेवून सगळ्यांना माथ्यावरून सुखरूप खाली आणलं. "पोरगी नाही, वाटाड्या आहे," असं विभावरीकाकू तिथेच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून ऋग्वेदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. बसड्रायव्हरला ती नमस्काराचं 'किया ओरा' म्हणायची तर शेवटच्या सीटवरचे मान वर करून बघायचे.

"बैस," बेव्ह म्हणाल्या आणि काठीने पालथी बादली दाखवली. "जानेवारीच्या शेवटी माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर घरी नव्हते. तो आठवडा आठवतोय? पहिल्या दिवशी धुकं, आणि मग नुसतं ऊन आणि भाजणारा वारा."

"आठवतोय."

"वरच्या कुरणात पाणी नाही. मेंढ्या पाण्याला मधल्या फाटकातून खाली हौदावर येतात. म्हणून ते उन्हाळाभर सताड उघडं असतं. कोणीतरी ते लावलं. नुसतं लावलं नाही. साखळी अडकवली, आणि वर निळ्या दोरीने गाठ मारली. दुहेरी."

ऋग्वेदा कुत्र्याचा कान खाजवत होती. तिचा हात थांबला. कुत्र्याने नाकाने त्याला ढुशी दिली, तरी हलला नाही.

"शेजारचा ग्रॅहम रोज रस्त्यावरून नजर टाकायचा. मेंढ्या फाटकाशी दाटून उभ्या दिसायच्या. त्याला वाटलं, वाऱ्याच्या आडोशाला उभ्यात. पाचव्या दिवशी तो वर गेला. चार मेल्या होत्या." बेव्हनी पुढचं लाकूड उभं धरलं, पण फोडलं नाही. "वाईट माणसाचं काम नाही ते. वाईट माणूस फाटक उघडं टाकून जातो. हे कोणा नीटनेटक्या माणसाने केलंय. त्यानेच जास्त जीव जळतो. ओरडायचं तरी कोणावर?"

निळी दोरी विभावरीकाकूंच्या डब्यांच्या पिशवीची होती. सगळी माणसं मोजून पुढे घातल्यावर ऋग्वेदा सर्वांत शेवटी फाटकातून आली होती. "दार ओढून घे गं मागे," आई म्हणाली होती, रोज घरी म्हणायची त्याच सुरात. आणि तिने नुसतं ओढलं नव्हतं. जे करायचं ते शंभर टक्के, असा तो दिवस होता. कोणीतरी "याला म्हणतात संस्कार" म्हणालं, टाळ्या पडल्या, आणि आईने फोटो काढला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावाशेजारच्या गोलात अजून तोच होता.

कुंपण पन्नास पावलांवर होतं. मैत्रिणींना इथलं काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. थँक यू म्हणून उठायचं, पैज जिंकली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातला गरम मीट-पाय खायचा, आणि एप्रिलमध्ये बोलिंग खेळायचं. इतकं सोपं होतं ते.

"ते मी लावलं," ती म्हणाली.

"काय?"

आवाज गेल्या वर्षीचा निघाला होता. तिने घसा साफ केला.

"गेट. मी लावलं." आणि फोन काढून तिने तो फोटो पुढे धरला.

बेव्हनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोन हातभर लांब धरून बराच वेळ पाहिला.

"मागे टाळ्या वाजवतेय ती कोण?"

"विभावरीकाकू."

"किती जण होतात?"

"चौदा. मला धरून."

"आणि चौदांतल्या एकालाही माहीत नव्हतं?"

"नाही. त्यांना वाटलं, मी फार हुशार आहे."

बेव्हच्या नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता का, ते काही ऋग्वेदाला कळलं नाही.

"फाटक जसं सापडेल तसं सोडायचं," त्या म्हणाल्या. "उघडं तर उघडं, बंद तर बंद. मी पाटी लावली नव्हती. इथल्या पोरांना पाटी लागत नाही."

"मी इथलीच आहे," ऋग्वेदा म्हणाली. "हट हॉस्पिटलमध्ये जन्मले."

बेव्हनी फोन परत दिला. कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि टेकडीकडे पाहिलं. तिथे बऱ्याच उंचीवर मेंढ्यांचे पांढरे ठिपके एका ओळीत उतरत होते.

"मग तुला सांगायचं आम्हीच कोणीतरी विसरलो," त्या म्हणाल्या.

ऋग्वेदाने बाहीने डोळे पुसले. "सॉरी. नुसतं सॉरी म्हणून काही होत नाही, ते कळतंय मला. पण सॉरी." मग थोड्या वेळाने, "वाट उघडाल?"

"तुझ्या एकटीसाठी? तुला आता जन्मात कोणी सांगायला नको. बाकीच्या तेरांचं काय? घेऊन ये त्यांना. त्या फाटकाशी उभं करून सांगते. मग बघू कुलपाचं."

"सगळे नाही येणार."

"येतील तेवढे आण."

कुंपणापाशी पोचताच मेरेने विचारलं, "मग? आवडतात का माणसं?"

"काही," ऋग्वेदा म्हणाली आणि उभ्याउभ्याच दोघींना सगळं सांगून टाकलं.

सानिका म्हणाली, "शिट, ऋगू. पण तुला काय माहीत असणार?"

मेरे मात्र टेकडीकडे बघत होती. "मला हे आजोबांनी चार वर्षांची असताना शिकवलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यांना येतंच. तुम्ही जाल तेव्हा मीही येते. त्या तेरांत नसले तरी."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ऋग्वेदाने घरी सांगितलं. बाबांच्या हातातला खिचडीचा डाव मध्येच थांबला. बाबा, म्हणजे शुभंकर कुलकर्णी, सरकारी ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करत. घरातल्या चुका मात्र त्यांना मिटवायला आवडत.

"आता दोन महिने होऊन गेले," ते म्हणाले. "आपण एक छानसं कार्ड पाठवू. सोबत केक. मोठा. गावभर करण्याची काय गरज आहे?"

"आणि पुढच्या रविवारी पाडव्याचा कार्यक्रम आहे," आई म्हणाली. "तुझा सत्कार ठेवलाय त्यांनी. त्याच वाटेवरून सगळ्यांना आणलंस म्हणून."

"हो ना. त्याच वाटेवरून."

आईने ताटातली खिचडी उगाचच सारखी केली. आई, म्हणजे नीलिमा, हॉस्पिटलच्या फार्मसीत होती. एखादं औषध चुकीचं गेलं तर ते वहीत कसं लिहावं लागतं, सहीनिशी, हे या घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"दार ओढून घे, असं मीच म्हणाले होते," ती हळूच म्हणाली.

"गाठ माझी होती, आई."

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. ऋग्वेदाने पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि ताठ बसली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "पाडव्याला मला स्टेजवर बोलावतील, तेव्हा मी आधी मेंढ्यांचं सांगणार. चारहींचं. मग विचारणार, त्यानंतरच्या शनिवारी सकाळी माझ्याबरोबर बेव्हकडे कोण कोण येतंय. तुम्ही दोघं आणि मी, तीन झालो. अकरा राहिले."