खुर्ची वजा अठरा

मी वजनकाटा बोलतोय. आम्हा काट्यांना आकडा सांगून गप्प बसायची सवय असते, पण परवा कुणीतरी माझ्या तोंडावर कागद चिकटवला, 'काटा बिघडला आहे', आणि माझं डोकंच फिरलं. उभ्या आयुष्यात एक ग्रॅम खोटं बोललो असेन तर सांगा!

मी स्वयंपाकघरातला किंवा बाथरूममधला काटा नाही. कारखान्यात मला जमिनीलगत, ऐसपैस बनवलं, चाकाची खुर्ची सरळ अंगावर चढावी म्हणून. डोळ्यांत तेल घालून तपासलं आणि मगच बाहेर पाठवलं. तिथून आलो तो इस्पितळाच्या या लांबट खोलीत, जिथे अर्धांगवायू झालेल्या माणसांना पुन्हा उभं राहायला आणि चालायला शिकवतात. माझ्या समोर कमरेएवढ्या उंचीच्या दोन दांड्या आहेत. त्यांना धरून माणसं पहिलं पाऊल टाकतात, घामाघूम होतात, कधी रडतात.

ज्यांना उभं राहता येत नाही त्यांचं वजन खुर्चीसकट होतं. मी बेरीज सांगायची आणि इथल्या मदतनीस मामांनी त्यातून खुर्ची वजा करायची. सगळ्या खुर्च्या एकाच घडणीच्या, अठरा किलोच्या. म्हणून मामांनी माझ्या वर भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहून ठेवलं, 'खुर्ची वजा १८'. रोज कोण डोकं लावणार?

मग मास्तर आले. पेशाने शिंपी, देहाने अघळपघळ. उजवा हात आणि उजवा पाय लुळा, जीभ जड, पण मान अजून गिऱ्हाइकाचं माप घेतल्यासारखी तिरकी. पहिल्या दिवशी मी एकशे सोळा दाखवले. वजा अठरा, अठ्ठ्याण्णव. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरलं पाहिजे. सहा आठवड्यांत दांड्या धरून उभे राहिले नाहीत, तर ही जागा दुसऱ्याला द्यावी लागेल." घरी नेलं तर बायको एकटी त्यांना उचलणार कशी? तिचं निम्मं आयुष्य शिलाई मशीनपुढे गेलेलं, कंबर आधीच धरलेली.

झालं! मास्तरांचं ताट निम्मं झालं. जो येईल तो शहाणपण शिकवायचा. "हलके व्हा मास्तर, पाय आपोआप उचलेल." माणसाचा पाय म्हणजे काय पतंग आहे, हलका झाला की उडायला?

दुसऱ्या आठवड्यात त्यांना वेगळी खुर्ची दिली, उंच पाठीची, लुळ्या हाताला फळी लावलेली. चांगलंच केलं, जुन्या खुर्चीत ते एका अंगाला कलायचे. पण ती चोवीस किलोची होती. ती अंगावर चढल्या चढल्या मला कळलं. मी एकशे वीस दाखवले. मामांनी भिंतीकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, एकशे दोन.

"चार किलो वाढले!" मामा ओरडले. "वहिनी, कोण खायला आणून देतं यांना?"

बायकोचा चेहरा उतरला. "अहो, खरं सांगा. चोरून खाताय ना?"

"नाही... गं," मास्तर कसेबसे म्हणाले.

"मग काय काटा खोटं बोलतो?" मामा म्हणाले.

अरे, मी खरंच बोललो होतो! वजाबाकी तुमची, आणि साक्षीला उभं केलं मला. उशीखाली, पिशवीत, खिशात, सगळीकडे शोधून झालं. ज्या माणसाने दुसऱ्याच्या कापडातली चिंधीसुद्धा कधी ठेवून घेतली नाही, त्याला सगळ्यांच्या देखत चोर ठरवलं. ताट आणखी आटलं. मास्तर दांड्यांजवळ जायचे आणि दोन मिनिटांत थरथरत खाली बसायचे. वहीत शेरा पडला, 'प्रयत्न करत नाहीत.'

पाचव्या आठवड्याच्या अखेरीस मी एकशे चौदा दाखवले. वहीत शहाण्णव लागले, आणि पहिल्या दिवसापेक्षा दोन किलो उतरले म्हणून मामांनी चक्क टाळ्या वाजवल्या. खरं तर मास्तर नव्वदवर आले होते. ते माझ्यावर बसलेले, आणि मला तोंड नाही!

त्याच दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना दांड्यांत उभं केलं, तर पायजमा सरकला. आजूबाजूचे हसले. मास्तर हसले नाहीत. नाडी तर घट्ट बांधलेली होती. ते बायकोला म्हणाले, "टेप... आण."

"आता टेप कशाला हवी?"

"आण... गं!"

दुसऱ्या दिवशी तिने टेप आणली. मास्तरांनी ती डाव्या हाताने कमरेभोवती घेतली, बायकोने दुसरं टोक धरलं. "शिवला... तेव्हा... शेहेचाळीस." मग त्यांनी टेपवर बोट ठेवलं. बेचाळीस.

ताईंनी टेपकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. मास्तरांना बाकावर बसवून त्यांनी रिकामी खुर्ची माझ्यावर ढकलली. चोवीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला नीट प्रश्न विचारला होता.

बायको मास्तरांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. "मी तुमच्या तोंडचा घास काढला हो."

ताई तडक डॉक्टरांकडे गेल्या. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. "आपण त्यांना उपाशी ठेवलं, आणि वर लिहितोय प्रयत्न करत नाहीत! अंगात ताकदच नाही तर पाय काय शिकणार?" मास्तरांना आणखी सहा आठवडे मिळाले, भरलेलं ताट मिळालं. आणि फायलीत काय लिहिलं? 'काट्यातील बिघाडामुळे नोंदी चुकल्या.' चोर सोडून संन्याशाला फाशी! परवा तपासणीला साहेब आले, फाइल वाचली, मला हातही न लावता कागद चिकटवून गेले. उद्या मला अडगळीत नेणार म्हणतात. खुशाल न्या. पण त्या भिंतीवरचं अजून कुणी पुसलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा. वजा करण्याआधी, जे वजा करताय तेही एकदा तोलून बघा.

आज सकाळी मास्तर घरी निघाले. काठी टेकत, उजवा पाय ओढत, पण स्वतःच्या पायांनी. माझ्यापाशी थांबले. कागद वाचला, आणि डाव्या हाताने टरकावून टाकला. मग ताईंचा हात धरून माझ्यावर चढले, काठी बायकोकडे दिली आणि ताईंचा हातही सोडला.

मी त्र्याण्णव दाखवले. मामांनी वही उघडली, आणि सवयीने त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"मामा," मास्तर म्हणाले, "आता... काय... वजा करणार?"