पेटीतला बगीचा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. उघडून पाहू नका, आत एक होल्डर आणि कोळ्याचं जाळं याशिवाय काही नाही. पवनीच्या बाजारात घनश्यामचं मंडप-लायटिंगचं दुकान आहे, त्याच्या मचाणावर मी पडलेली असते. दुःख वगैरे आता फारसं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

घनश्यामनं मला चहाच्या खोक्याच्या फळ्यांपासून ठोकून काढलं. गिऱ्हाइकांना नुसतं तोंडानं सांगून कळत नसे. "आंब्यावर हिरवा लाइट लावतो जी," म्हटलं की मान हलवायचे, आणि लावून झाल्यावर म्हणायचे, "असा नव्हता सांगतला!" म्हणून घनश्याम आधी बगीचा पाहून येई, तो काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं काढी आणि दिव्याच्या जागी दाभणानं भोक पाडी. भोकामागं रंगीत जिलेटीन, भाताच्या शितानं चिकटवलेलं. पुठ्ठा माझ्या खाचेत सरकवायचा, खोलीच्या खिडक्या लावायच्या, माझ्या पोटातला बल्ब पेटवायचा, की झाला बगीचा! एखादा दिवा नको असला तर गिऱ्हाईक भोकावर बोट ठेवून पाही. काय मान होता तेव्हा माझा! घनश्याम मला गोधडीत गुंडाळून सायकलवर न्यायचा. स्वतःच्या अंगावर मात्र धड स्वेटर नसायचा बिचाऱ्याच्या.

ऐंशी साली दिवाळीच्या तोंडावर आसगावच्या भय्याजींचं बोलावणं आलं. नवं घर, पुढं फुलांचा बगीचा, कुंपणापलीकडं लोंब्यांवर आलेलं धान. आमच्याकडं भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि त्या गर्दीतच पोरींची लग्नं जुळतात. भय्याजींच्या रुखमिणीला पाहायला लाखनीचे पाहुणे येणार होते. मुलगा मास्तर होता. मागल्या मंडईत तिनं त्याला पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिच्या मनात दुसरा कोणी नव्हता. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं.

घनश्यामनं मला पेटवलं. रुखमिणी इतकी जवळ वाकली की तिचा श्वास पुठ्ठ्यावर आला.

"काकाजी, इथं एक भोक पाडा ना. पाहुणे इथंच जेवाले बसतीन, पानावर उजेड पाहिजे."

"पाड रे बाप्पा, पोरगी म्हणते तिथं पाड," भय्याजी म्हणाले. "अन् त्या जागी मोठा मर्क्युरी लाइटच लावजो. लाखनीवाल्यायले दिसू दे!"

त्या खोलीतली झाडून सगळी माणसं धानाच्या बांधावर वाढलेली. धान उभं असताना दिव्यावर तुडतुड्यांची झुंबड उडते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवसांत घरोघरी कंदील दूर टांगून जेवतात. पण माझ्याकडं पाहताना कोणाला काही आठवलं नाही. माझ्यातल्या बगीच्यात किडे नव्हते.

मंडईच्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला भय्याजींनी मला ओसरीवर मांडलं होतं, म्हणून पुढचं मी पाहिलं. दिवेलागणीला बगीच्यात पंगत बसली. पानं वाढून झाली आणि घनश्यामनं बटन दाबलं. बगीचा हुबेहूब माझ्यासारखा उजळला. "वा जी वा!" मुलाचे आजोबा म्हणाले. ते वाक्य संपलं न संपलं तोच कुंपणापलीकडून हिरवे तुडतुडे आले. भातात पडले, वरणात पडले, आजोबांच्या डोळ्यात गेले.

"बंद कर! अबे, बंद कर!" भय्याजी ओरडले.

बंद केलं तर काळोखात पान दिसेना. कंदील येईस्तोवर आजोबा डोळा चोळत उठले होते. म्हातारा माणूस उठल्यावर बाकीचे कसे बसतील? मास्तरनं एकदा घराकडं वळून पाहिलं, पण तोही गेला. भय्याजींनी हात जोडले, पुन्हा रांधतो म्हणाले. नाही थांबले. मंडईचा पाहुणा भरल्या पानावरून उपाशी गेला, तर त्या घरी सोयरीक होत नाही. लाखनीहून पुढं निरोपच आला नाही.

रुखमिणी रडली नाही. तिनं पानं उचलली, पंगतीची जागा झाडली. मला फार वाईट वाटलं होतं त्या रात्री. त्यानंतर इतकं कधी वाटलं नाही.

घनश्यामनं मला मचाणावर टाकलं ते टाकलंच. पुठ्ठाही काढला नाही.

दोन वर्षांनी रुखमिणी दुकानात आली. लग्न ठरलं होतं, दुसरीकडं.

"लायटिंग नाही लागत, काकाजी. दिवसाचंच लगन हाये," ती म्हणाली. मग मचाणाकडं पाहून, "ते पेटी हाये का अजून?"

घनश्यामला नाही म्हणवेना. त्यानं मला पुसलं, पेटवलं. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. 

"यातले पाहुणे जेवून गेले असतीन, नाही जी?"

 मग तिनंच हात घालून बल्ब फिरवून विझवला. नंतर त्यानं पुठ्ठा चुलीत घातला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखीनं कितीही सुंदर बगीचा दाखवला, तरी एकदा दिवेलागणीला त्या जागी जाऊन उभे राहा. आणि पाहुण्यांना आधी जेवू द्या, दिवे मागाहून लावा.