मिठाच्या खिडकीवरचा अंगठा

मी खिडकी बोलतेय. वारा खाणारी, पडदे मिरवणारी नव्हे. दुर्बिणीच्या यंत्रावर बसवलेली, बशीएवढी, मिठाची. हसू नका. डोळ्यांना न दिसणारे ते अवरक्त किरण साध्या काचेशी अडतात, माझ्यातून मात्र आरपार जातात.

मला मोठ्या स्फटिकातून कापून घासूनघासून चकचकीत केलं. घडवणारा कारागीर तोंडाला फडकं बांधून बसायचा. "हिला ओला हात लावाल तर खबरदार," म्हणायचा. तेवढा एकच स्वच्छ माणूस मला भेटला.

पुढे नशिबी आला एक चंद्र. आपला नव्हे, दूरच्या ग्रहाचा, ज्वालामुखींनी पोळलेला. अंगभर गंधकाचा धूर, आणि तोच गोठून पडलेला बर्फ. त्याचा प्रकाश माझ्यातून जाई आणि यंत्र त्याची रेघ काढी. वायू किंवा बर्फ जिथे प्रकाश गिळी, तिथे रेघेला खड्डा पडे. एवढा गंधकाचा चंद्र, पण त्याची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती सरांची.

सर म्हणजे तिथले प्रमुख. तळलेलं खायचं आणि बोटं पँटला पुसायची! एकदा हातमोजे न घालताच त्यांनी मला उचलून यंत्रावर बसवलं. शी! अंगठा चांगला दाबून. वर ढग येताहेत म्हणून साध्या ताऱ्याची रेघही काढली नाही. ती काढली की यंत्राचे स्वतःचे दोष कळतात.

चंद्राच्या रेघेत नवाच खड्डा दिसला. सर नाचायचेच काय ते बाकी. "तेलासारखं काहीतरी आहे त्या बर्फात! जगात पहिले आपण!" लगेच मासिकाला शोधनिबंध पाठवला.

त्यांच्या हाताखालच्या बाई सहा वर्षं हंगामी नोकरीवर होत्या. निबंध छापला की कायम होणार होत्या. घरी अंथरुणाला खिळलेले वडील. तरी आभाळ निवळताच त्यांनी साधा तारा पाहिला. तिथेही तोच खड्डा! मग बॅटरी माझ्यावर तिरकी धरली, आणि अंगठा दिसला, रेषांसकट.

"सर, ते तेल चंद्रावर नाही. आपल्या खिडकीवर आहे."

"मग पुसून टाका आणि गप्प बसा. कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय हो, सर." बाईंनी बॅटरी विझवली. "पण हे असं नाही. मी संपादकांना कळवतेय."

निबंध परत आला. बाईंची मुदत वाढवलीच नाही. सरांनी अहवालात लिहिलं, 'खिडकी सदोष होती.' चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि स्वतः अजून त्याच खुर्चीत, तशीच बोटं पुसत बसलेत. मला ओकारी येते.

मी आता अडगळीच्या कपाटात आहे. बाईंनी जाताना मला ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डब्यात ठेवलं. पुसलं मात्र नाही. आता पुसून उपयोगही नाही. घामाने माझं मीठ खाल्लंय, रेषा आत उतरल्यात. अहवालावर सरांनी झोकात सही केली, पण खरा अंगठा माझ्यावर उठलाय. कधी कपाट उघडलंत तर मला उजेडात तिरकी धरून बघा.

आणि त्याआधी, कृपा करून, हात धुऊन कोरडे करा.