चुलीपुढचा आरसा

मी एक जुना आरसा आहे. तोंड बघायचा नव्हे, मित्रांनो, ते आधीच सांगून ठेवतो. माझ्यात बघून कुणी कधी भांग पाडला नाही की कुंकू रेखलं नाही. मी मालमोटारीचा आरसा. पाठीमागून काय येतंय ते दाखवणं हे माझं काम, आणि ते काम मी आजवर कुणाला भिऊन सोडलेलं नाही.

एका कारखान्यात मोठ्या काचेतून मला चौकोनी कापलं. पाठीवर पारा चढवला, त्यावर तांबडा रंग दिला आणि पत्र्याच्या चौकटीत घट्ट बसवलं. मग माझी नेमणूक झाली ती कापसाच्या गाठी वाहणाऱ्या एका मोटारीवर. ड्रायव्हर मोठा मायाळू होता. सकाळी स्वतःचं तोंड धुवायच्या आधी तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मला पुसायचा. "पुढचं तर सारेच पाह्यतात," म्हणायचा, "मागचं पाहीन तो वाचंन." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं ऊन, धूळ आणि चिखल खाल्ला.

पुढे शेलूबाजारजवळ मोटार नाल्यात कलंडली. माणसं वाचली, मोटार भंगारात गेली. मला तिथल्या गॅरेजवाल्यानं काढून टायरांच्या ढिगामागे टेकवून ठेवलं. मग काय! कोळ्यानं माझ्यावर घर केलं, कुणी माझ्या चौकटीला ओले हात पुसले. काहीही न दाखवता पडून राहणं किती जड जातं, हे तुम्हाला कसं सांगू?

एके दिवशी पंक्चर काढायला एक जीप थांबली. तिच्यातून उतरली राजमती. अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.पर्यंत शिकलेली, आणि आता वाशीमकडच्या शिरपूरच्या एका दुकानदार जैन घराची सून. तिचा नवरा देवेंद्रकुमार दीड-दोन वर्षांच्या लेकीला, रतनला, कडेवर घेऊन तिच्या मागेच उभा होता आणि गॅरेजवाल्याशी बोलत होता. राजमतीची नजर सहज माझ्यावर पडली. कोळ्याच्या जाळ्यातूनही मी माझं काम केलं. रतन कडेवरून वाकून तापलेल्या इंजिनाकडे हात नेत होती, ते मी तिला दाखवलं.

राजमतीनं गर्रकन वळून पोरीचा हात धरला. मग माझ्याकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली.

"हा आरसा घेऊ या," ती म्हणाली.

"ट्रकचा आरसा? घरी?" देवेंद्रकुमार हसले. "आता काय घराले चाकं लावतं का?"

"घराला चाकं नाहीत, पण रतनला आहेत," ती म्हणाली, आणि मला पदरात गुंडाळून जीपमध्ये बसलीसुद्धा.

घरी आल्यावर मला सगळा प्रकार कळला. शिरपूरला जैन मंदिर आहे, तिथं लांबलांबून यात्रेकरू येतात. एस.टी.ची गाडी थांबायची ती या घराच्या समोरच. घराची रीत अशी, की दिवसा पुढचं दार लावायचं नाही. आलेला यात्रेकरू उपाशी जाऊ नये, आणि त्याचं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हावं. रीत चांगलीच. पण तिचा सगळा भार चुलीपुढच्या बाईवर. दिवस कलायला लागला की गाडी यायची, ओसरीवर माणसं भरायची, आणि नेमक्या त्याच वेळी राजमतीची पाठ साऱ्या जगाकडे असायची. तिच्यापुढे चूल आणि भिंत. पाठीमागे आंगण, आंगणात गुडघाभर कठड्याची विहीर. त्याच्या पलीकडे ओसरी, ओसरीला सताड उघडं दार आणि दारासमोर गाड्यांचा रस्ता. रतन तेवढ्यात नुकतीच पळायला शिकलेली.

"इतकं कायले भेतं?" सासूबाई पानाबाई म्हणायच्या. "आमी नाही का पोरं वाढवले? देव पाह्यते."

"देवाला पुष्कळ घरं आहेत, आत्याबाई," राजमती म्हणायची. "मला एकच पोर आहे."

ओसरीवर जाऊन बसावं तर तिथं तिचे सासरे, दुलीचंद, गादीवर बसलेले. सुनेनं त्यांच्यापुढे हनुवटीपर्यंत पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचं झालंच तर पोराच्या नावानं सांगायचं. एवढं सगळं असताना तिनं हातपाय गाळले नाहीत. तिनं बेत आखला.

दुपारी कोळसा घेऊन तिनं स्वयंपाकघराच्या फरशीवर घराचा नकाशा काढला. इथं चूल, इथं विहीर, इथं दार. मग सुताची दोरी ताणून कोन मोजू लागली. पानाबाई दारात येऊन थबकल्या.

"हे काय मांडून राह्यली वं? सणबिण आहे का आज?"

"नजर मांडतेय, आत्याबाई. हे टोक जरा धरता का?"

सासूबाईंनी कुरकुरत का होईना, टोक धरलं. मला चुलीपुढच्या भिंतीवर ठोकलं. देवेंद्रकुमारांचा दाढीचा आरसा आंगणातल्या खांबावर तिरका बसवला. तेव्हापासून ते बिचारे आंगणात मान वाकडी करून दाढी करत. "जरा सरळ कर ना याले, गाल कापते माह्या," असं रोज म्हणत. पण आरशाला हात लावायची त्यांची छाती नव्हती.

आणि काय सांगू, मित्रांनो! विहीर मला सरळ दिसायची. पुढचं दार खांबावरच्या आरशात दिसायचं आणि त्याच्यातून माझ्यात उतरायचं. राजमती पोळी लाटता लाटता मान वर करायची आणि सारं घर एका नजरेत बघून घ्यायची. रतन उंबऱ्याकडे निघाली की हिची हाक तयार. "रतन! मागे फिर!" ओसरीवरची माणसं चकित व्हायची. "सेठ, तुमच्या सुनेले पाठीले डोळे आहेत का?" पानाबाईही मग शेजारणींना ऐटीत सांगायच्या, "दोरी म्याच धरली होती."

असं वर्षभर छान चाललं. मग दुलीचंदांचे डोळे बरे झाले.

हसू नका. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वाशीमला डोळ्यांचं शिबिर भरलं, तिथं शस्त्रक्रिया झाली आणि यथावकाश जाड भिंगांचा चष्मा आला. चष्मा लावून ते गादीवर बसले. गाडीची पाटी वाचली, समोरच्या झाडावरचे पोपट पाहिले, लेकरासारखे खूश झाले. मग त्यांनी मान आत वळवली.

"आवं, आयकलं का?" ते ओरडले. "हे खांबात कोन बाई बसली?"

पानाबाई धावत आल्या. खांबावरच्या आरशात मी होतो आणि माझ्यात राजमती होती. पदर मागे पडलेला, गालाला पीठ, फुंकणीनं चूल फुंकतेय.

"कोन म्हंजे? तुमची सून व्हय ते. पाच वर्सं झाले घरात येऊन."

राजमतीनं मान वर केली, आणि माझ्यात तिला चष्म्याची दोन भिंगं थेट आपल्याकडे बघताना दिसली.

चूक झाली होती. ज्या वाटेनं आपली नजर जाते, त्याच वाटेनं दुसऱ्याची नजर परत येते, हे ती कॉलेजात शिकली होती. पण नकाशा काढताना तिच्या मनात फक्त रतन होती. सासऱ्यांचे डोळे कधीतरी बरे होतील, हे तिनं धरलंच नव्हतं. मला मात्र यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही. मी काही एका बाजूचा चाकर नाही.

"तो आरसा उतरवा म्हना," दुलीचंद तोंड फिरवून म्हणाले. "नाहीतर पदर घेऊन सैपाक करावा म्हना तिनं. हे काय रीत झाली?"

राजमती पदर ओढून स्वयंपाकघराच्या दारात आली. "रतन," ती मोठ्यानं म्हणाली, "आबाजींना सांग, पदरातून विहीर दिसत नाही. आणि पदर चुलीत गेला, तर आईही दिसायची नाही."

रतन आजोबांना म्हणाली, "वीर!" तिला तेवढंच जमलं.

"पोट्टी माह्याजवळ ठेवा," दुलीचंद गरजले. "मी कायले बसलो आहो इथं? डोळे आहेत आता मले!"

पानाबाईंनी पोळ्या झाकायचं फडकं आणलं आणि माझ्यावर टाकलं. "चार दिस राहू दे बापा," त्या सुनेला हळूच म्हणाल्या. "मंग पाहू."

अंधार झाला. आता मला फक्त ऐकू येत होतं. दुपार गेली. गाडी आली. ओसरीवर पायांचे, लोट्यांचे, "या, बसा"चे आवाज आले. दुलीचंदांना आज प्रत्येकाचा चेहरा दिसत होता. एकेकाला ओळखून ते आनंदानं बोलत होते. पोळपाटावर लाटणं फिरत होतं. बाहेर गाडीची घंटा झाली आणि गाडी निघून गेली.

लाटणं थांबलं.

"रतन?"

राजमतीची पावलं आंगणात धावली. मी ती विहिरीपाशी थांबलेली ऐकली. "रतन! रतन गं!" तिचा आवाज विहिरीत जाऊन वर आला. मित्रांनो, मी काचेचा आहे. पण त्या फडक्याखाली मी तडकलो कसा नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

तेवढ्यात दारातून मोठा हसरा आवाज आला. एस.टी.चा कंडक्टर जगदेव होता तो. "दुलीचंदसेठ! हे तुमची नात व्हय ना? बायांईच्या गर्दीत चढून बसली होती बापा. मालेगावले निंगाली होती, तेबी बिनातिकिटाची! गावाच्या बाहीर गाडी उभी करून आनली मी हिले."

माणसं हसली. दुलीचंदही हसले. "लेकरंच व्हय ते," ते म्हणाले. "असं होतेच."

स्वयंपाकघरात कुणी हसलं नाही. राजमती रतनला पोटाशी धरून आत आली. मी तिचा श्वास ऐकला. मग निखाऱ्यांची शेगडी उचलल्याचा आवाज आला आणि परात उचलल्याचा.

"अवं, कुठं चालली?" पानाबाई घाबरल्या. "बाहीर मानसं बसले आहेत!"

"म्हणूनच चालले. पोर ओसरीवर ठेवायची ना? माझी पोर जिथं, तिथं माझी चूल."

शेगडी ओसरीच्या फरशीवर टेकली. आणि मग राजमतीचा आवाज आला. या खेपेला तो रतनच्या नावानं नव्हता, थेट सासऱ्यांना होता.

"मामाजी, यात्रेकरूंना उशीर नको व्हायला, म्हणून मी इथंच पोळ्या करते. रतनवरची नजर मी काढणार नाही, आणि नजरेवर पदरही घेणार नाही. आत आरसा नको असेल, तर मी रोज इथंच बसेन."

तव्यावर पोळी फुगल्याचा वास आतपर्यंत आला. मग एक म्हातारी यात्रेकरीण म्हणाली, "तव्यावरची गरम पोळी! आमच्या सुना तर सकाळच्या वाढतात. नशीबवान आहात हो सेठ."

जेवणं झाली, माणसं मंदिराकडे गेली. मग दुलीचंदांच्या काठीचा आवाज आंगणातून येऊ लागला. तो स्वयंपाकघराच्या दारात थांबला, आणि आत आला. या घरात ते चुलीपर्यंत कधी आले नव्हते. त्यांनी माझ्यावरचं फडकं एका झटक्यात ओढलं. अंधारानंतर पहिल्यांदा मला दिसले ते त्यांचे डोळे. भिंगांमागे मोठे झालेले, ओले.

"ओसरी काही सैपाकाची जागा नव्हे," ते पानाबाईंना म्हणाले. "आतच करावा म्हना."

"आन् तुमाले दिसंन ते?"

"दिसू दे. त्याच्यासाठीच तर कापून घेतले डोळे." ते वळले, थांबले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "पोट्टी माह्या हातून सुटली आज."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच गादीवर बसले. सायंकाळी रतन विहिरीच्या कठड्यावर गुडघा टेकून चढू लागली, तेव्हा एकाच वेळी दोन आवाज उठले, एक चुलीपुढून आणि एक गादीवरून. "रतन, खाली उतर!" पोर इतकी दचकली, की कठड्याचा नादच तिनं सोडला.

या गोष्टीला काही वर्षं झाली. रतन आता दप्तर घेऊन शाळेत जाते. माझा पारा कडेनं उडालाय, मधे डाग पडलेत. परवा देवेंद्रकुमार म्हणाले, "आता हा काढून टाकू. काय दिसते त्याच्यात?" राजमती पोटुशी आहे. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "हात तर लावून बघा," म्हणाली. मी तिथंच आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला अधूनमधून कोरड्या कापडानं पुसत जा. लेकरावर डोळा ठेवणाऱ्या बाईला भित्री म्हणू नका. तिच्यासाठी सुताचं एक टोक धरा. आणि तिच्या नजरेवर कुणी फडकं टाकायला आलाच, तर त्याला माझा निरोप सांगा. फडकं टाकल्यानं विहीर बुजत नाही, दार लागत नाही, रस्त्यावरच्या गाड्या थांबत नाहीत. सगळं जिथल्या तिथं असतं. फक्त तुम्हाला दिसेनासं होतं.