न चाखता ओळखणे

"अहो, चिमूटभर जिभेवर ठेवा की! त्यात काय मोठं?" आतल्या खोलीतून बायको ओरडली. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, नाहीतर तिनं स्वतः येऊन ती चिमूट त्यांच्या तोंडात कोंबली असती.

"ओळख न पटलेला पदार्थ चाखायचा नसतो," सर म्हणाले. रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि या एका वाक्यापायी त्यांनी कितीतरी पोरांचे कान पिळले होते.

आता ओट्यावर दोन सारख्या बरण्या होत्या आणि दोन्हींत पांढरे कण. सर एरवी स्वयंपाकघरात फिरकत नसत. पण मेहुणी येणार होती. "भावोजींना साधा चहा जमला नाही, तर ताईला मी माझ्याकडे नेणार," असं तिनं फोनवर बजावलं होतं. बायकोशिवायचं घर सरांना कल्पनेतही नको होतं.

त्यांनी दोन्ही बरण्यांतले कण दोन चमच्यांत घेऊन गॅसवर धरले. एकातले तडतडले आणि तसेच बसून राहिले. दुसऱ्यातले वितळले, पिवळे झाले, तपकिरी झाले आणि मग काळे ठिक्कर.

"काय जळतंय?"

"साखर! रेणू तुटला, कार्बन उरला. मीठ मात्र ढिम्म. त्याला वितळायला आठशे अंश लागतात!"

"आणि माझे चमचे?"

सरांनी दोन्ही चमचे हळूच बरण्यांमागे सरकवले.

मेहुणी आली तेव्हा चहा तयार होता. सरांनी ऐटीत दोघींच्या हातात कप दिले. मेहुणीनं घोट घेतला.

"गोड झालाय की! ताईच्या कपातही साखर घातलीत?"

"दोन चमचे!" सर फुलून म्हणाले.

"भावोजी, ताईनं साखर सोडून कितीतरी वर्षं झाली."

सरांचा चेहरा खाडकन उतरला. रोज समोरासमोर बसून चहा घेत आले होते दोघं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"मग, ताई, बॅग भरू ना?" मेहुणीनं विचारलं.

सरांनी बायकोच्या हातातला कप उचलला आणि ते स्वयंपाकघरात गेले. पातेलं विसळल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्यांनी चाचरत विचारलं, "अगं... दूध किती घेतेस तू?"

"भावोजी, तिला—"

बायकोनं बहिणीचा हात दाबला.

"तू गप्प बस. मला विचारतायत ते."