कान बांधलेली बाई

रघुनाथरावांनी स्वेटर हातात धरून दारात उभे राहायचे आणि वत्सलाबाईंनी तो दिसलाच नाही असे दाखवून चपला घालायच्या, हा मूक तंटा रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या त्या घरात थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळी चालत होता. असा तंटा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी चालत असेल. कोकणातल्या माणसाला थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. तिच्यासाठी वेगळे कपडे काय करायचे, असे म्हणत आपण कुडकुडतो आणि त्याला काटकपणा म्हणतो.

वत्सलाबाईंना लोकरीचा पहिल्यापासूनच तिटकारा होता. लोकर मानेला टोचते, स्वेटरची बटणे लावली की साडीचा पदर मधेच गुदमरतो, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाने डोके उठते, अशी कारणे त्या देत. रघुनाथराव कंपनीतल्या पहिल्या शिफ्टला निघण्यापूर्वी ही कारणे निमूट ऐकून घेत आणि मग हलक्या आवाजात म्हणत, "डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना?"

आठवत होते. वत्सलाबाईंना तिसरा महिना चालू होता.

ही गोष्ट नवरा-बायको आणि डॉक्टर यांच्यापलीकडे कोणालाही ठाऊक नव्हती. मागच्या पावसाळ्यात असेच दिवस गेलेले असताना वत्सलाबाईंना ताप आला, तो हटला नाही, आणि जे राहिले होते ते गेले. तापामुळेच गेले असे सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. परंतु वत्सलाबाईंना लहानपणापासून दम्याचा त्रास होता, म्हणून या वेळी खोकला छातीत बसू द्यायचा नाही, पहाटेच्या धुक्यात नाक, कान आणि छाती झाकल्याशिवाय चालायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. वत्सलाबाई शिक्षिका, आणि शाळा सकाळची. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून रोह्यात जायचे, आणि नदीवरचे धुके त्या वेळी पुलाच्या कठड्यांना चिकटून असायचे.

एकदा त्यांनी ऐकलेही होते. लोकरीचा रुमाल कानांवरून घट्ट बांधून त्या शाळेच्या फाटकाशी पोहोचल्या. तिथे खेळाचे शिक्षक पुंडलिक म्हात्रे रोजच्यासारखे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभे होते. हसतमुख माणूस. मुलांवर जीव टाकणारा, कोणाच्याही अडचणीला सगळ्यांच्या आधी धावणारा. त्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिले आणि मोठ्याने विचारले, "काय वत्सलाबाई, बाळंतीण झाल्या का काय? डिंकाचे लाडू कवा देताव?"

आजूबाजूची मुले हसली. दोन शिक्षिकाही हसल्या. या थट्टेत नवीन असे काही नव्हते. कान बांधलेल्या बाईला आपल्याकडे दुसरे कोणी काही विचारतच नाही. पण वत्सलाबाई झपाझप आत निघून गेल्या. जी गोष्ट त्या मनातल्या मनातसुद्धा जपून उच्चारत होत्या, ती कोणीतरी फाटकात उभे राहून ओरडून सांगितल्यासारखे त्यांना वाटले. कच्च्या गोष्टीचा बोभाटा करू नये, ती टिकत नाही, असे माहेरी पेणला ऐकत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. पदवी घेतली, मुलांना विज्ञान शिकवले, तरी ती भीती गेली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक तोडगा काढला. रुमाल बांधून घरातून निघायचे आणि पूल संपता संपता तो सोडून पर्समध्ये टाकायचा. पुढे पुढे तो पूल लागताच सुटू लागला.

खोकला आला तो हळूच आला. आधी घशात, मग छातीत. फळ्यावर लिहिताना उबळ आली की त्या खडू ठेवून टेबलाची कड घट्ट धरत. प्रत्येक उबळीचा झटका ओटीपोटापर्यंत उतरे, आणि तो उतरला की त्या जागच्या जागी श्वास रोखून उभ्या राहत. काही झाले तर नाही? मग मुलांच्या नकळत बाहेर जाऊन खात्री करून घेत. दिवसातून किती वेळा हे होई, याचा त्यांनी हिशेबच सोडून दिला होता.

त्या आठवड्यात आठवीच्या वर्गात आणखी एक खोकला ऐकू येऊ लागला. हौसा नावाची मुलगी खाडीकडच्या गावातून बांधावरून चालत यायची. तिचे डोळे तांबारलेले होते आणि शेवटच्या बाकावर ती अंग चोरून बसली होती. वत्सलाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला, तो चांगलाच गरम लागला. घरून काही पांघरून येत नाहीस का, असे त्यांनी विचारले, तेव्हा हौसाने दप्तरातून आईचा लोकरीचा रुमाल अर्धाच बाहेर काढून दाखवला.

"मग बांधत का नाहीस?"

"पोरं म्हनतान, बाळंतीन आली."

"म्हणू देत. आजारी पडण्यापेक्षा ते बरं नाही का?"

हौसाने खाली पाहिले. रुमाल परत दप्तरात सारत ती म्हणाली, "तुमी पन काडताव ना, बाई. पुलावर. मी तुमच्या मागनंच येतंय."

वत्सलाबाईंनी हौसाला घरी पोहोचवायची व्यवस्था केली आणि मधल्या सुट्टीत त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या.

अनसूयाबाई निवृत्तीला टेकलेल्या, कमी बोलणाऱ्या मुख्याध्यापिका होत्या. फाटकातली थट्टा बंद करण्याची नोटीस काढा, अशी मागणी वत्सलाबाईंनी केली आणि बोलता बोलता त्यांना रडू फुटले. अनसूयाबाईंनी दार लोटून घेतले. एवढासा शब्द एवढा का लागावा, असे त्यांनी मायेने विचारले, आणि वत्सलाबाईंनी प्रथमच घराबाहेरच्या माणसाला सगळे सांगितले. सांगून झाल्यावर त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन अनसूयाबाईंकडे पाहत राहिल्या.

"नोटीस काढते," अनसूयाबाई म्हणाल्या. "पण नोटिशीने थट्टा थांबत नाही, ती पाठीमागे होते एवढंच. मला सांगा, हा शब्द आला कुठून? आपल्याकडे बाईला ऊब मिळते ती बाळंतपणात, नाहीतर आजारपणात. एरवी तिनं पदर खोचून कामाला लागायचं. म्हणून धडधाकट बाईनं कान बांधले की लोकांना हसू येतं. तिलासुद्धा थंडी वाजते, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. आणि वत्सलाबाई, तुम्हीही लोकर टोचते म्हणून सांगत आलात. खरं सांगा, टोचते ती लोकरच का?"

वत्सलाबाईंनी पर्समधला रुमाल काढून टेबलावर ठेवला.

"पुंडलिक सर वाईट नाहीत," अनसूयाबाई म्हणाल्या. "त्यांना आजवर कोणी सरळ उत्तरच दिलेलं नाही. तुम्ही रुमाल पर्समध्ये लपवता, मुली दप्तरात लपवतात. वर्गात आपण शिकवतो त्याहून जास्त मुली पुलावर शिकतात."

रविवारी वत्सलाबाई पेणला माहेरी गेल्या आणि त्यांनी आईलाही सांगितले. आईने आधी देवापुढे साखर ठेवली. मग वत्सलाबाईंनी आईची जुनी, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली लुगडी मागितली. लोकर नको असेल तर नको. ऊब तेवढी हवी. लुगड्याचे थर एकावर एक ठेवून, गोधडीसारखे टाके घालून, साडीवर घालता येईल अशी बिनबाह्यांची बंडी शिवायची, असे त्यांनी ठरवले होते. पण गोधडीचे टाके म्हणताच आईचा हात थबकला. बाळ होण्याआधी असले काही शिवू नये, अशी त्या घरची रीत.

"बाळाचं नाही गं, माझ्या अंगाचं शिवतेस," वत्सलाबाई म्हणाल्या. "सध्या त्याचं घर मीच आहे ना?"

आईने सुईत दोरा ओवला. संध्याकाळी बाजारातून त्यांनी पूर्ण बाह्यांच्या पोलक्यासाठी जाडसर सुती कापड घेतले आणि एक गडद हिरवा रुमाल स्वतः निवडून घेतला. थंडीसाठी एखादी गोष्ट आवडीने निवडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

सोमवारी पुलावर धुके दाट होते. पूल संपत आला तसा वत्सलाबाईंचा हात सवयीने गाठीकडे गेला. मागून पावले वाजत होती. हौसा अजून अंथरुणात होती, तिच्या गावच्या दुसऱ्या मुली येत होत्या. त्यांनी हात खाली घेतला.

नोटीस अजून निघायची होती आणि फाटकात पुंडलिक सर होतेच. "काय वत्सलाबाई, परत बाळंतीण?"

वत्सलाबाई थांबल्या.

"अजून नाही, सर. पण व्हायचंय. म्हणूनच कान बांधलेत."

आता काहीतरी होईल, आकाशातून काही कोसळेल, अशा धास्तीने वत्सलाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. काहीच झाले नाही! शाळेची घंटा झाली आणि मुले रांगेकडे पळाली. एवढे दिवस ज्या वाक्याची दहशत बाळगली, ते उच्चारून झाले होते.

शाळा सुटताना पुंडलिक सर वत्सलाबाईंजवळ आले आणि चुकलो म्हणाले. मग नजर दुसरीकडे ठेवून त्यांनी सांगितले, "माझी आय मिठागरात जायची. पौषातल्या थंडीत, फाटे फाटे, उजाडायच्या आदी, नुसत्या लुगड्यावर. थंडी वाजते का, असं तिला कोनी इचारलं नाय, मी पन नाय. तिच्या अंगावर पयली शाल घातली ती दवाखान्यात, शेवटच्या दुखन्यात."

दुसऱ्या दिवशी फाटकात एक निराळेच दृश्य होते. बारा महिने अर्ध्या बाह्यांत मिरवणारे पुंडलिक सर कानांवरून मफलर गुंडाळून उभे होते. मुले खो खो हसू लागली. "हसा," सर म्हणाले, "आज मी पन बाळंतीण." मुले आणखी हसली, पण आत शिरणाऱ्या मुलींपैकी एकीने दप्तर उघडले, रुमाल काढला आणि तिथेच उभे राहून बांधला. आठवड्याने हौसा आली, तीही कान बांधूनच.

वत्सलाबाईंची काळजी संपली असे नाही. खोकला उतरला, तरी अजून बरेच महिने काढायचे होते आणि उद्याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. मात्र जपायचे ते आता लपून जपावे लागत नव्हते.

वाचकहो, आपली थट्टा निर्मळ मनाची असते, हे खरे. तरीही निर्मळ मनाच्या थट्टेनेही एखादे माणूस आपली ऊब काढून पर्समध्ये ठेवते, आणि त्याच्यामागून येणारी मुले ते पाहत असतात. अंग झाकायला बाईला आजारी पडण्याची किंवा बाळंत होण्याची वाट पाहायला लावणारा समाज काटक नव्हे, तो बेपर्वा होय. उद्या सकाळी आपल्या दारासमोरून कोणी बाई कान बांधून चालली असेल, तर तिला दुसरे काही विचारू नये. विचारायचेच झाले तर एवढेच विचारावे: बाई, ऊब पुरते ना?